राक्षसभुवनचा उतार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हे गाव आहे. यात्रेकरूंना ते शनीचे क्षेत्र म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस ते १० ऑगस्ट १७६३ या दिवसामुळे परिचित आहे. त्या दिवशी माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजाम अलीच्या सैन्याचा नदीच्या अलीकडे राहिलेला भाग बुडविला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. ही लढाई सामान्यतः अठरा वर्षांच्या पेशव्याच्या शौर्याची कथा म्हणून सांगितली जाते. ते शौर्य खरेच होते. परंतु त्या कथेत नदीला तिचे योग्य स्थान मिळत नाही. ज्यूलिअस सीझरच्या गॉल देशावरील मोहिमेचा आरंभीचा प्रसंग शेजारी ठेवून पाहिला, तर हे स्थान स्पष्ट होते.

इ. स. पूर्व ५८ मध्ये हेल्वेशियन लोक आपला मुलूख सोडून पश्चिमेकडे निघाले होते. आरार, म्हणजे आजची सोन, ही संथ नदी ते तराफे व होड्या जोडून उतरत होते. त्यांचे तीन हिस्से पलीकडे गेले आणि टिगुरिनी नावाचा चौथा हिस्सा अलीकडे उरला, ही बातमी हेरांकडून लागताच सीझर रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी तीन पलटणी घेऊन निघाला आणि सामानसुमानाने गुंतलेल्या त्या लोकांवर तुटून पडला. पलीकडचे तीन हिस्से शाबूत होते. त्यांना काहीही करता आले नाही.

राक्षसभुवनास हेच घडले, मात्र तेथवर येण्याचा मार्ग फार लांबचा होता. पानिपतानंतर मराठ्यांची शक्ती क्षीण झाली असे मानून, उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये गेलेला मुलूख परत मिळविण्याचा निजाम अलीचा प्रयत्न चालू होता. त्यातच राघोबादादा आणि माधवराव यांच्यातील कलहामुळे जानोजी भोसले निजामास मिळाले. मिरजेवर दादांनी हात टाकल्यामुळे गोपाळराव पटवर्धनही तिकडे गेले. मराठ्यांनी समोरासमोरची लढाई टाळली. ते शत्रूच्या मुलखात शिरून खंडण्या घेत हैदराबादेपर्यंत फिरले. निजामाने पाठलाग सोडून १७६३ च्या उन्हाळ्यात पुणे लुटले व जाळले. पुढे पावसाळा लागला आणि छावणीसाठी औरंगाबाद गाठावे म्हणून तो गोदावरीकडे वळला. याच सुमारास बत्तीस लाखांच्या मुलखाचे वचन देऊन पेशव्यांनी जानोजीस फोडले. निजाम मुख्य फौजेसह उत्तर तीरावर गेला. विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला आणि नदीला पूर आला. पैठणच्या जायकवाडी धरणाने बांधलेली आजची गोदावरी पाहून त्या पुराची कल्पना येणे कठीण आहे. दादांचा हत्ती शत्रूने घेरला असता माधवरावांनी चाल करून त्यांस सोडविले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. पलीकडच्या निजामास आपल्या दिवाणाचा नाश पाहत उभे राहण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही.

येथे भाषेची एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. मराठी कागदांत गोदावरीस ‘गंगा’ म्हणतात आणि फौजा ती ‘उतरतात’. नदी पायी ओलांडण्याच्या जागेला मराठीत ‘उतार’ हाच शब्द आहे. संस्कृतात त्याच्या मुळाशी पाण्याबाहेर येण्याचा, पार होण्याचा अर्थ आहे. खाली येण्याचा अर्थ मराठीत बळावला. लष्करी परिभाषेतील ‘फौज’, ‘छावणी’, ‘चंदावल’ असे कितीतरी शब्द फारसी-तुर्की किंवा उत्तरेकडील भाषांतून आले. नदीपाशी मात्र शब्द घरचाच राहिला. तसेच हेल्वेशियनांना देशत्यागास प्रवृत्त करणाऱ्या ऑर्गेटोरिक्सच्या नावातील ‘रिक्स’ आणि विठ्ठल सुंदरच्या ‘राजा प्रतापवंत’ या किताबातील ‘राजा’ हे मुळात एकाच घराण्यातील शब्द आहेत. हा योगायोग आहे, त्यावर काही उभारू नये.

श्रेयाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सीझर स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहितो, त्यामुळे त्याचे कथन तटस्थ वाटते. पण टिगुरिनींचा पराभव सीझरने नव्हे, तर त्याचा सहायक लाबिएनुस याने केला, असे प्लूटार्क नमूद करतो. गॉल लोकांनी लिहिलेला वृत्तांत नसल्यामुळे हा वाद रोमन पक्षाच्या लेखकांतच मिटवावा लागतो. राक्षसभुवनची स्थिती वेगळी आहे. तेथे दोन्ही बाजूंस मराठी बोलणारी, मराठीत पत्रे लिहिणारी माणसे होती. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त पटवर्धन घराण्याचे कागद छापले, म्हणजे या काळाचे एक प्रमुख मराठी साधन त्या वर्षी निजामाकडे गेलेल्या सरदाराच्या घरातून आले आहे. अशा स्थितीत ‘मराठे विरुद्ध मोगल’ ही मांडणी सीझरच्या ‘रोमन विरुद्ध गॉल’ या मांडणीइतकीही टिकत नाही. श्रेयाचा हा प्रश्न केवळ कीर्तीचा नव्हता: त्या वेळपर्यंत कारभार दादांच्या हाती होता, तो या विजयानंतर माधवरावांकडे येऊ लागला.

दोन्ही प्रसंगांचे साम्य मात्र नदीकाठीच संपते. हेल्वेशियनांना जी नदी उतरण्यास वीस दिवस लागले तिच्यावर सीझरने एका दिवसात पूल बांधला, पाठलाग केला आणि बिब्राक्टेजवळ त्यांस हरवून माघारी धाडले. त्याच्याच आकड्यांप्रमाणे निघालेल्या ३,६८,००० पैकी १,१०,००० घरी परतले. पेशव्यांस पुराने अडविले. पराभूत निजाम औरंगाबादेस पोहोचला आणि मराठी फौज तिकडे गेल्यावर सप्टेंबर १७६३ मध्ये तह झाला. त्यात त्याने ब्याऐंशी लाखांचा मुलूख दिला, परंतु त्याचे राज्य राहिले. ज्या बीडच्या मुलखात ही लढाई झाली, तो १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता.