नाकुरू सरोवर

१. केनियातील खचदरीत असलेले उथळ, खारे सरोवर. याला बाहेर पडणारी नदी नाही; येणारे पाणी केवळ बाष्पीभवनाने जाते, म्हणून क्षार साठत राहतात. अशा पाण्यात स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ दाट वाढते आणि लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, त्यावरच जगतो. लेखकाने पाहिलेला गुलाबी काठ या शेवाळाचीच देणगी होय. (ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहितांमध्ये हीच जात मोठ्या संख्येने असते.) मात्र २०१० नंतर सरोवराची पातळी सतत वाढत गेली. सरोवराभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाचे जुने प्रवेशद्वार, रस्ते, काठची बाभूळवने पाण्याखाली गेली. खारेपणा उतरला, शेवाळ विरळ झाले आणि बरेचसे रोहित उत्तरेकडील बोगोरिया सरोवराकडे वळले. हे नुकसान केवळ दृश्यसौंदर्याचे नाही, एका संपूर्ण अन्नसाखळीचे आहे. काळे व पांढरे गेंडे आणि रॉथशील्ड जिराफ मात्र कुंपणाने सुरक्षित केलेल्या या उद्यानात आजही दिसतात. २०११ साली नाकुरू, बोगोरिया व एलेमेंटाइटा ही सरोवरे मिळून जागतिक वारसास्थळ ठरली. लेखकाचे वर्णन पाणी वाढण्यापूर्वीचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपा.