खाण नसलेल्या टेकड्या

हिवाळ्यात नळदुर्गजवळच्या जळकोटच्या (लातूर जिल्ह्यातले जळकोट वेगळे) बोडक्या टेकड्यांवर सहल नेली, तर एखादा विद्यार्थी विचारेल, "इथे सोन्याची खाण का नाही?" प्रश्न रास्त आहे. १९४८ पर्यंत जळकोट ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानात रायचूर जिल्ह्यातले हट्टी होते.

हट्टीच्या प्राचीन खाणी जवळजवळ २०० मीटर खोल गेल्या होत्या. जाळ करून खडक तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, अशी ती रीत मानली जाते. पुढे ओस पडलेल्या या खाणींतल्या लाकडाचे वय कार्बन-१४ पद्धतीने सुमारे २००० वर्षे निघाले.

तिथल्या खाणकऱ्यांना गारेच्या शिरा जमिनीवरच दिसत. जळकोटला मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने जुने खडक झाकून टाकले. त्याखाली काय आहे, हे नेमके कळायला मोठी किंमत पडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. ३३८ मीटर काळा पाषाण, ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक लागला.

म्हणजे खाण नसणे हाही इतिहासच. खालच्या खडकात सोने असेलच असे नाही; पण ते शोधण्याची वाटच इथे बंद होती.

सहलीत एखादी बंद दगडखाण दिसली, तर तिच्या भिंतीतले लाव्हाचे थर मुलांना मोजायला सांगा. मात्र काठापासून दूर उभे राहूनच!