पंचावन्नाचा उंबरठा

लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचं घराणं मूळचं संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं; त्यांची कारकीर्द मात्र अहमदाबादेत फुलली. १९५२ साली त्यांच्यासमोर काँग्रेसचा महापूर होता आणि विरोधकांतला सर्वांत मोठा पक्ष कम्युनिस्टांचा, निवडून आलेले खासदार १६. बसायची जागा, बोलायची वेळ, संसद भवनातली खोली कुणाला किती द्यायची? मावळंकरांनी दंडक घातला: गणपूर्तीएवढं, म्हणजे सभागृहाच्या एक दशांश, संख्याबळ असेल तरच पक्ष. बाकीचे नुसते गट.

कम्युनिस्टांचे नेते ए. के. गोपालन सभागृह दणाणून सोडत, पण विरोधी पक्षनेतेपदाची मान्यता काही मिळाली नाही. ती पहिल्यांदा मिळाली डिसेंबर १९६९ मध्ये, संघटना काँग्रेसच्या राम सुभग सिंह यांना. विरोधी पक्षनेतासुद्धा काँग्रेस फुटूनच मिळावा, हे त्या काळाला साजेसंच!

१९७७ मध्ये पराभूत काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण त्या आसनावर बसले. त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा कायदा झाला. त्यातली व्याख्या साधी आहे: सर्वाधिक संख्याबळाच्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता. दशांशाचं नावही नाही. जुलै १९७९ मध्ये चव्हाणांनी अविश्वास प्रस्ताव मांडला, मोरारजी देसाई पायउतार झाले आणि महिना संपायच्या आत चव्हाण चरणसिंगांचे उपपंतप्रधान होते.

जागावाटपासाठी काढलेला दंडक पदावर मात्र ठाण मांडून बसला. १९८४ ला तेलुगू देसमचे ३० खासदार अपुरे ठरले. २०१४ मध्ये काँग्रेसचे ४४ निवडून आले, हवे होते ५५. अध्यक्ष सुमित्रा महाजन, जन्माने चिपळूणच्या; त्यांनी पूर्वापार प्रथेवर बोट ठेवून दावा फेटाळला.

प्रश्न निव्वळ बंगला-गाडीचा नव्हता. लोकपाल निवडणाऱ्या समितीत कायद्याने विरोधी पक्षनेता हवा होता, आणि तो नव्हताच. काँग्रेसचे लोकसभेतले नेते मल्लिकार्जुन खर्गे यांना ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावणं गेलं. मत नोंदवायचा अधिकार नाही म्हणून त्यांनी ते नाकारलं. २०१३ च्या कायद्याचा पहिला लोकपाल २०१९ मध्ये नेमला गेला.

हाच प्रश्न राज्यांतही आला. दिल्ली विधानसभेत २०१५ साली सत्तरपैकी अवघे तीन आमदार असलेल्या भाजपच्या विजेंदर गुप्तांना अध्यक्षांनी हे पद दिलं. महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला, ठाकरेंच्या शिवसेनेला, २० जागा मिळाल्या. २८८ चा दशांश २९ होतो, आणि नव्या विधानसभेचं कामकाज विरोधी पक्षनेत्याविनाच सुरू झालं.