छप्पर कोणाच्या नावावर?

नवऱ्याच्या हातचा मार किती बायका खातात, याची देशव्यापी विचारणा १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापासून होऊ लागली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के, म्हणजे चौघींत एकीने, नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचा आकडा २९.३ होता. अशा प्रसंगांनंतर काय होते, याचे उत्तर त्याहून बोलके आहे. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्के जणींनी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी झालेली हिंसा कोणाला सांगितलीही नाही. ज्यांनी सांगितली त्यांनी बहुतेक करून माहेरी सांगितली. पोलिसांपर्यंत गेलेल्या फारच थोड्या. त्यामुळे पोलिसांच्या नोंदी पाहून हिंसा मोजता येत नाही. घराबाहेर पडल्यावर उभे राहायला जागा कितीजणींना होती, एवढेच त्यातून कळते.

मुंबईच्या उपनगरांत हा जागेचा प्रश्न शब्दशः खरा ठरतो. गोरेगाव १९५७ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. मग लोकलने कामाला जाणाऱ्यांच्या वाड्या आणि चाळी, मोतीलाल नगरसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आणि त्यांना लागून झोपडपट्ट्या अशी वस्ती दाटत गेली. पत्र्याच्या किंवा एका विटेच्या भिंतीपलीकडे काय चालले आहे ते शेजाऱ्यांना ऐकू जाई. तरी ‘नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडा मध्ये’ असे म्हणून दार लावून घेतले जाई. माहेर कोकणात किंवा घाटावर. तिथे गेलीच तर चार दिवसांनी समजूत घालून परत आणून सोडायची रीत, कारण मागे धाकट्या बहिणींची लग्ने उरलेली असत. खोलीची भाडेपावती आणि शिधापत्रिका नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असायची. सासुरवास सोसण्यामागे संस्कार आहेत असे सांगितले जाते ते खोटे नाही, पण भाडेपावतीचा वाटा त्यात बराच मोठा आहे.

गोरेगावात या कोंडीला फट पडली ती भलत्याच बाजूने. समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे १९५८ मध्ये अकाली वारले. त्यांच्या स्मरणार्थ गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. त्यांच्या पत्नी मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून आल्या आणि नळाच्या पाण्यासाठी केलेल्या लढ्यांमुळे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांनी महागाईविरोधी आंदोलन उभे केले. त्यात हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पाणी, रॉकेल, रेशन ही या मोर्चांची मागणी होती. मारहाणीचा विषय तिथे नव्हता. मात्र ज्या बाईला एकटीने उंबरा ओलांडून कुठे जाता येत नसे, तिला सभेच्या निमित्ताने दहाजणींत बसता येऊ लागले, आणि आपल्या भागातली एखादी कार्यकर्ती तिच्या ओळखीची झाली. पुढे झालेल्या कामाचा पाया इथेच पडला, असे मानायला हरकत नाही.

१९८० नंतर हा विषय उघड बोलला जाऊ लागला. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ अशी नोंद होऊन जळीत कक्षात येणाऱ्या तरुण सुनांचे मृत्यू संशयाने पाहिले जाऊ लागले. पुण्यातल्या मंजुश्री सारडा यांच्या १९८२ मधील मृत्यूने राज्य हादरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यांच्या पतीला निर्दोष सोडले. स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकर यांचे नाटक १९८३ पासून गावोगावी होऊ लागले. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि विवाहितेचा छळ तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा दखलपात्र गुन्हा ठरला. केशव गोरे स्मारकात ‘स्वाधार’ हे संकटग्रस्त स्त्रियांसाठीचे केंद्र सुरू झाले ते याच दशकात. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष उघडला.

अशा केंद्रांची तेव्हा निकड होती. मारहाणीची तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या बाईला बहुधा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद मिळे. फार तर नवऱ्याला बोलावून समज दिली जाई आणि रात्री ती त्याच घरात परते. केंद्रातली कार्यकर्ती आधी तिचे पूर्ण ऐकून घेई, नवऱ्याला पत्र पाठवून बोलावी, दोघांना समोरासमोर बसवून लेखी हमी घेई. ते फसले तर वकिलाकडे नेई. बहुतेकींना नवरा तुरुंगात जायला नको असे. मार थांबावा, मुले आपल्याकडे राहावीत आणि नांदवले नाही तरी खर्च मिळावा, एवढेच त्यांचे मागणे असे. या तडजोडींवर ‘बाईला पुन्हा त्याच घरात ढकलतात’ अशी टीका झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती, पण दुसरे घर देणे कोणत्याच केंद्राच्या हातात नव्हते.

कायदाही घरापर्यंत सर्वात शेवटी पोचला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती केंद्राने २००१ मध्ये उठवली. १९८३ च्या दुरुस्तीने शिक्षा दिली. निवारा दिला नाही. मधल्या काळात एक बदल फारसा गाजावाजा न होता झाला. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन नियमांत नव्या सदनिकेचा करार पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची अट आली. गोरेगावसारख्या, पुनर्वसनाच्या इमारतींनी भरलेल्या उपनगरात तिचे मोल मोठे आहे.

मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हा हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचा विभाग सुरू केला. पोलिसांकडे न जाणारी बाई जखमेला टाके घालायला तरी येतेच, हा त्यामागचा हिशेब होता. तो बरोबर ठरला आणि असे विभाग उपनगरांतल्या इतर पालिका रुग्णालयांतही निघाले.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. मालकी कोणाचीही असो, सामायिक घरात राहण्याचा हक्क त्याने बाईला दिला. दोन महिने उलटण्याआधीच ‘बत्रा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क नवऱ्याच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या घरापुरता आखडला. सासूच्या नावावरची खोली त्यातून वगळली गेली. तो निर्णय चुकीचा असल्याचे न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘आहुजा’ खटल्यात म्हटले. आता घर सासू-सासऱ्यांचे असले तरी सुनेला त्यात राहण्याचा आदेश मागता येतो. तिला मालकी मात्र मिळत नाही; वृद्ध सासू-सासऱ्यांची शांतताही न्यायालयाला पाहावी लागते, आणि कायद्यानुसार तिची सोय भाड्याच्या दुसऱ्या जागेत करण्याचा आदेशही होऊ शकतो.