मेंडेलला चकवणारे पिवळे फूल

मेंडेल म्हटले की वाटाणा. आपण फळ्यावर गोल आणि सुरकुतलेले दाणे काढतो, 3:1 हे गुणोत्तर लिहितो आणि 1866 साली छापलेल्या त्याच्या निबंधाकडे 1900 पर्यंत जगाने दुर्लक्ष केले, असे सांगून तास संपवतो. निबंधानंतर मेंडेल स्वतः काय करीत होता, हे मुले विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. तो एका रानटी रोपाशी झगडत होता.

हे रोप म्हणजे हॉकवीड. शास्त्रीय नाव हायरॅशियम. युरोपात कुरणांत आणि रस्त्याच्या कडेला ते सर्रास उगवते. आपल्या शेताच्या बांधावरची पाथरी त्याच्याच नात्यातली. पाथरीचे पान तोडले की पांढरा चीक येतो आणि तिचे एक पिवळे ‘फूल’ म्हणजे खरे तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. हॉकवीडचेही तसेच. मात्र त्याची जात ओळखणे ही वनस्पतिशास्त्रज्ञांची जुनी डोकेदुखी. पानांच्या आकारात, अंगावरच्या केसांत किंचित फरक असलेली असंख्य रूपे, आणि प्रत्येक रूप पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे! त्यांना वेगळ्या जाती म्हणावे की संकर?

म्युनिकचा प्राध्यापक कार्ल नेगेली हा या गटाचा मोठा जाणकार. मेंडेलने 31 डिसेंबर 1866 रोजी त्याला पहिले पत्र लिहिले. नेगेलीनेच मेंडेलला या अवघड वनस्पतीच्या नादी लावले, असे पुष्कळदा लिहिले जाते. आम्हाला हा आरोप पटत नाही. हॉकवीडवर प्रयोग करण्याचा बेत त्या पहिल्याच पत्रात आहे.

वाटाण्याच्या कळीतून पुंकेसर काढणे सोपे. हॉकवीडच्या बारीक फुलात ते एकमेकांना चिकटून त्यांची नळी झालेली असते आणि त्या नळीतूनच स्त्रीकेसर वर येतो. तो वर येण्याआधी, कळीतच, नळी काढावी लागते. आम्ही पाथरीच्या कळीवर टाचणीने हा उद्योग करून पाहिला. भिंगाखालीसुद्धा दहापैकी नऊ फुले फाटली. मेंडेलने आरसा आणि भिंग लावून फुलांवर उजेड एकवटला. त्याने डोळे इतके दुखावले की 1869 साली त्याला काम थांबवावे लागले. त्याआधीच, 1868 मध्ये, तो ब्रनोच्या मठाचा प्रमुख झाला होता. वेळही उरला नव्हता.

हाती आलेले मोजके संकर तर उफराटेच वागले. वाटाण्यात संकराची पहिली पिढी एकसारखी असते आणि दुसरीत गुण वेगळे होतात: 5,474 गोल दाण्यांमागे 1,850 सुरकुतलेले. हॉकवीडमध्ये पहिल्याच पिढीतली रोपे एकमेकांहून वेगळी निघाली, आणि त्यांची संतती मात्र हुबेहूब आईसारखी. मेंडेलने हे लपवले नाही. 9 जून 1869 रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्याने ते वाचून दाखवले आणि 1870 साली ते छापूनही आले. स्वतःच्या नियमाला छेद देणारा हा निबंध आपल्या पाठ्यपुस्तकांत दिसत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

मेंडेल 1884 साली वारला. कोडे सुटले ते 1903 च्या सुमारास, तेही एका साध्या पात्याने. ओस्टेनफेल्ड आणि राउनकियेर या दोघा डेन्मार्ककरांनी हॉकवीडच्या न उमललेल्या गुच्छांचा वरचा भाग कापून टाकला. पुंकेसर गेले, परागकण झेलणारी टोकेही गेली. तरीही बी धरले! म्हणजे बहुतेक हॉकवीडमध्ये फलन न होताच बी तयार होते आणि त्यातून आईचीच प्रत उगवते. अशा रोपांत दडलेले संमिश्र गुण पिढ्यान्‌पिढ्या झाकलेले राहतात. क्वचित खरा संकर झाला की ते बाहेर पडतात, म्हणून पहिल्याच पिढीत एवढी विविधता. नियम चुकला नव्हता, आणि मेंडेलची नोंदही चुकली नव्हती.

संकरित बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण घरचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. हॉकवीडची ही खोड पिकांना लावता आली तर? भातावर जनुकबदल करून असे काही बी मिळवल्याचे 2019 साली प्रसिद्ध झाले. आपल्या बांधावर मात्र नवे पाते, पाथरीची कळी आणि आठ-दहा दिवसांचा धीर एवढे पुरे आहे. कापलेल्या गुच्छांना दोरा बांधून ठेवावा, शेजारी न कापलेलेही राखावेत, आणि कोणाला भरीव बी धरते ते मुलांनाच मोजू द्यावे.