पांढरे ठिपके (सागरी मत्स्यटाकीतील रोग)

खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांना होणारा परजीवीजन्य रोग. तो ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ या एकपेशीय जीवामुळे होतो. गोड्या पाण्यातही याच नावाचा रोग आढळतो, पण त्याचा कारक जीव निराळा आहे.

त्वचेवर व परांवर मिठाच्या कणांएवढे ठिपके उठतात. मासा दगडांना अंग घासतो, खाणे सोडतो. खरा घात कल्ल्यांत होतो. ठिपके दिसण्याआधीच मासा धापा टाकून मरू शकतो.

परजीवी माशाच्या अंगावर साधारण 3 ते 7 दिवस राहतो. मग गळून तळाशी चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्ले सुटू शकतात. त्यांना दिवसभरात मासा गाठावा लागतो. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेवरच. म्हणून ठिपके आपोआप गेले की मासा बरा झाला असे समजून उपचार थांबवणे घातक ठरते. पुढची लाट पहिलीपेक्षा मोठी असते.

उपचार वेगळ्या टाकीतच करावेत. तांब्याची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, रोज मोजून, सुमारे तीन आठवडे ठेवतात. प्रवाळ व कोळंबी तांब्याने मरतात आणि प्रवाळवाळू ते शोषून घेते. दुसरा उपाय पाण्याची क्षारता लिटरला 35 ग्रॅमवरून हळूहळू 15–16 ग्रॅमवर आणून तीन-चार आठवडे टिकवण्याचा. परजीवीचे काही वाण मात्र कमी क्षारतेतही तगतात. दर तिसऱ्या दिवशी मासा पूर्ण वाळवून नव्या पाण्याने भरलेल्या स्वच्छ टाकीत हलवण्याची रीत चार वेळा पाळली तर औषधाविनाही गुण येतो. मूळ टाकी या काळात किमान सहा आठवडे माशांविना ठेवावी.

 महाराष्ट्रात मुंबईतील वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (स्थापना 1961) माशांच्या आरोग्याचा अभ्यास होतो. किनाऱ्यावर टाकीत समुद्राचे पाणी भरले तर त्यातूनही परजीवी येऊ शकतो. समुद्रापासून दूर, वेण्णा नदीकाठच्या मेढ्यासारख्या घाटमाथ्याकडील गावी मात्र गोड्या पाण्यात तयार क्षारमिश्रण विरघळवूनच टाकी भरावी लागते. त्या पाण्यात हा परजीवी नसतो. तो येतो नव्या माशाबरोबर, प्रवाळाबरोबर, पिशवीतल्या पाण्याबरोबर किंवा ओल्या जाळीवरून. त्यामुळे रोग दाराशीच अडवणे इथे किनाऱ्यापेक्षा सोपे आहे. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, त्याची जाळीही वेगळी ठेवा, आणि ही दुसरी टाकी मासा आणण्याआधीच मांडा.