जिप्सी गेली, जिम्नी आली, आणि आपण काय केलं?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं, तसंच बहुतेक ठेवलंय.)

आजची गोष्ट एका गाडीची आहे, पण सुरुवात एका कबुलीने करते.

जानेवारी २०२३ मध्ये मी इथेच, याच माइकसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं की जिम्नी येऊ दे, पहिल्या महिन्यात माझ्या दारात उभी असेल. बुकिंगही केलं होतं. आज माझ्या दारात एक ऑटोमॅटिक हॅचबॅक उभी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मेसेज केले, "ताई, जिम्नीचं काय झालं?" मी दोन वर्षं ते मेसेज नुसते वाचले. आज उत्तर देते. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल, पार साठच्या दशकातल्या जपानपर्यंत. चला.

तर, जपान. महायुद्धानंतर तिथे छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग तयार झाला, त्याला म्हणतात केई. हिशोब साधा होता: ठरलेल्या मापात गाडी बसवा, कर कमी भरा. साठच्या दशकात ते माप होतं ३६० सीसीचं इंजिन आणि तीन मीटर लांबी. होप नावाच्या एका छोट्या कंपनीने या मापात चक्क फोर बाय फोर बसवून दाखवली. गाडीचं नाव ओएन३६०, इंजिन मित्सुबिशीचं. कल्पना भन्नाट, पण गाहकच मिळेना. मोजक्याच गाड्या विकल्या गेल्या.

१९६८ मध्ये सुझुकीने या गाडीचे हक्क विकत घेतले. सुझुकी घराण्याचे जावई ओसामु सुझुकी यांनी हे प्रकरण पुढे रेटलं. हो, तेच, ज्यांच्यामुळे पुढे मारुती भारतात उभी राहिली. एप्रिल १९७० मध्ये पहिली जिम्नी आली, एलजे१०. ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद २५ हॉर्सपॉवर. आज आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये याहून ताकदवान मोटरसायकली उभ्या असतात. आणि गंमत बघा, तीन मीटरच्या आत बसायचं म्हणून स्टेपनी मागे न लटकवता आत ठेवली, मागच्या एका सीटच्या जागी. म्हणजे माणसं तीन आणि चौथी सवारी स्टेपनी!

ही मापाची गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता भारतात येऊ. डिसेंबर १९८५. मारुती ८०० रस्त्यावर येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तेव्हा मारुतीने जिप्सी आणली. ही म्हणजे सुझुकीच्या एसजे४१० ची लांब आवृत्ती. ९७० सीसी पेट्रोल, ४५ हॉर्सपॉवर. आपल्याकडे तोवर जीप म्हटलं की महिंद्राची, जाडजूड, धूर सोडत घाट चढणारी. तिच्यापुढे ही हलकी, चपळ, पेट्रोलवर पळणारी. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली आणि पुढे एमपीएफआय इंजिन येऊन ताकद ८० हॉर्सपॉवरपर्यंत गेली. चेहरा मात्र होता तसाच राहिला.

घरच्या वापरासाठी ती फार कमी लोकांनी घेतली. पेट्रोल प्यायची, पाट्यांच्या स्प्रिंगमुळे पाठ खिळखिळी व्हायची, मागे बसायचं तर आडव्या बाकांवर. पण सैन्याने घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्याने घेतली, हिमालयातल्या रॅली करणाऱ्यांनी घेतली. ताडोब्याला गेला असाल तर तुम्हाला माहितीये, तिथे सफारीच्या गाडीला लोक "जिप्सी"च म्हणतात, मग समोर येणारी गाडी कुठल्याही कंपनीची असो.

आणि माझ्या मामाने घेतली.

मामा सैन्यात ड्रायव्हर होता. ईशान्येकडच्या चिखलात त्याने वर्षानुवर्षं जिप्सी चालवली. निवृत्त होऊन कोरेगावजवळ आमच्या गावी आला आणि २००४ साली नवी पांढरी जिप्सी घेतली. गावात लोक हसले. त्या पैशात ट्रॅक्टर आला असता! मी गाडी शिकले ती याच जिप्सीवर, शेताच्या रस्त्याला. पावसाळ्यात ओढ्याच्या पलीकडे वैरण न्यायची असेल तर मामा फोर बाय फोरचा दांडा ओढायचा आणि मला म्हणायचा, "आता क्लच सोड आन् गप बस. ती आपली आपण जाती." आणि ती खरंच जायची.

खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं. म्हणजे मामाच्या गाडीचं संपणार होतं २०१९ मध्ये. आणि नेमक्या त्याच वर्षी सामान्य गाहकांसाठी जिप्सी बंद झाली. कारणं कागदावरची होती, पण पक्की होती. नव्या नियमांप्रमाणे एबीएस हवं, एअरबॅग हवी आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन हवं. १९८५ च्या ढाच्यात हे सगळं कोंबणं परवडणारं नव्हतं. मामाने आरटीओत जाऊन फिटनेस करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला आणि पुढची पाच वर्षं मिळवली. म्हणाला, "तवर नवी येईल."

नवी तर आलीच होती, फक्त आपल्याकडे नाही. जुलै २०१८ मध्ये जपानमध्ये चौथ्या पिढीची जिम्नी आली. चौकोनी, गोल दिव्यांची, जुन्या गाडीची आठवण करून देणारी. आत मात्र तडजोड नाही: लॅडर चेसी, पुढेमागे अखंड ॲक्सल, लो रेंजचा वेगळा दांडा. जपानमध्ये रांगा लागल्या. युरोपात तिला कार्बनच्या नियमांनी अडवलं. तिथे प्रवासी गाडी म्हणून विक्री थांबली आणि मागची सीट काढून मालवाहू गाडी म्हणून ती विकावी लागली.

इथले शौकीन तळमळत होते. फेब्रुवारी २०२० च्या ऑटो एक्स्पोत मारुतीने तीन दारांची जिम्नी नुसती मांडून ठेवली. बघा, हात लावा, पण मिळणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये तर कहरच झाला. हरियाणात बनलेल्या १८४ जिम्नी मुंद्रा बंदरातून दक्षिण अमेरिकेकडे निघाल्या. आपल्याकडे बनते, आपल्यालाच मिळत नाही! त्या दिवशी मी आणि मामा फोनवर अर्धा तास चिडून बोलत होतो.

मग १२ जानेवारी २०२३. पुन्हा ऑटो एक्स्पो, आणि या वेळी खरी घोषणा: जिम्नी भारतात येणार, पाच दारांची. आणि इथून शौकिनांमध्ये दोन तट पडले.

एक तट म्हणाला, झालं एकदाचं! आता घरच्यांना पटवता येईल. मागे आईवडील बसतील, दार उघडून उतरतील. लांबी वाढवली तरी चेसी तीच, ॲक्सल तेच, लो रेंजही आहे.

दुसऱ्या तटाच्या शंका होत्या, आणि त्या पोकळ नव्हत्या. मागच्या आणि पुढच्या चाकांमधलं अंतर ३४० मिलिमीटरने वाढलं. त्यामुळे उंचवट्यावर पोट घासण्याचा धोका वाढतो. तीन दारांची जिम्नी २८ अंशांचा उंचवटा ओलांडते, ही २४ अंशांचा. इंजिन दीड लिटरचं, साधारण १०५ हॉर्सपॉवर, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा, चारच गिअरचा. चाक हवेत गेलं तर ॲक्सल लॉक करणारी खरी यंत्रणा नाही, ते काम ब्रेक करतात.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. तीनच दिवस आधी, ९ जानेवारीला, महिंद्राने मागच्या चाकांवर चालणारी थार आणली. फोर बाय फोर नाही, दीड लिटरचं डिझेल, किंमत ९.९९ लाखांपासून. आम्ही शौकीन मंडळी पोट धरून हसलो. फोर बाय फोर नसलेली थार म्हणजे दाणे नसलेलं कणीस, असं मी इथेच बोलले होते.

७ जून २०२३ ला जिम्नीची किंमत कळली. १२.७४ लाखांपासून पुढे, तीही एक्स-शोरूम. आणि इथे तो मापाचा नियम परत आला बघा. आपल्याकडे तेव्हा चार मीटरच्या आतल्या गाडीला कमी कर होता, पण इंजिनाचीही अट होती: पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेल असेल तर १५०० च्या आत. जिम्नीची लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे मापात. इंजिन १४६२ सीसी पेट्रोल, म्हणजे मापाबाहेर. डिझेल थार मात्र दोन्हीकडून मापात. कराच्या मापात बसायचं म्हणून जपानमध्ये जन्मलेली ही गाडी भारतात कराच्याच मापात बसली नाही!

त्याच पावसाळ्यात मी आणि मामा टेस्ट ड्राइव्हला गेलो. मामाने आधी गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. "ॲक्सल सरळ हायती. लबाडी न्हाई." मग चालवली. येताना रस्ता मुद्दाम खराब घेतला. उतरल्यावर पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कायबी दुखलं न्हाई." मला वाटलं, झालं, जमलं. मग त्याने मागचं दार उघडलं, आतलं कार्पेट बघितलं आणि म्हणाला, "गाडी झ्याक हाय गं. पण ह्यात मी वैरण कुठं टाकू?"

मामाचं कारण खरं होतं. माझं नव्हतं.

मी बुकिंग रद्द केलं तेव्हा मित्रांना काय सांगितलं माहितीये? की पाच दारांनी मजा गेली, चार गिअरचा ऑटोमॅटिक कोण घेतं, लॉकर नाही म्हणजे काय. सगळे मुद्दे बरोबर होते. पण खरं कारण वेगळं होतं. हडपसर ते ऑफिस हा माझा रोजचा रस्ता. हप्ता काढून बघितला तर पोटात गोळा आला. डिकी छोटी. आणि मी डोंगरात गाडी घालते ती वर्षातून दोन वीकएंड, तीही मामाची. त्या शंका मी न घेण्यासाठी वापरल्या. शंका घेतली की आपण जाणकार ठरतो, आणि खिशाला हातही लावावा लागत नाही.

मी एकटी नव्हते. विक्री सुरू होण्याआधी पंचवीस हजारांहून जास्त बुकिंग झालं होतं. पण सहा महिन्यांत, डिसेंबर २०२३ मध्ये, थंडर एडिशन नावाने सुरुवातीची किंमत १०.७४ लाखांवर आणावी लागली. चाललेल्या गाडीची किंमत कुणी दोन लाखांनी उतरवत नाही. आणि ज्या थारला आम्ही हसलो, तिला वेटिंग लागलं. ज्यांनी ती घेतली त्यांना लो रेंज नको होती, थार हवी होती. त्यांनी शंका काढल्या नाहीत, चेक फाडले.

गोष्टीचं शेवटचं पान जपानमध्ये आहे. ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ ला गेले. महिनाभराने, ३० जानेवारी २०२५ ला, सुझुकीने जपानमध्ये पाच दारांची जिम्नी जाहीर केली, जिम्नी नोमाड. भारतात बनलेली, तीच, जी आपण नाकं मुरडून सोडली होती. कंपनीचा अंदाज होता महिन्याला १,२०० गाड्यांचा. चार दिवसांत सुमारे ५० हजार ऑर्डर आल्या आणि ऑर्डर घेणंच थांबवावं लागलं. हिशोब करा: ठरलेल्या वेगाने शेवटच्या गाहकाला गाडी मिळायला साडेतीन वर्षं लागली असती. पुढे उत्पादन वाढवावं लागलं.

आता कुणी म्हणेल, तिकडे पैसा जास्त, रस्ते चांगले, कर वेगळा. बरोबर आहे. पण तिथल्या लोकांनाही तेच उंचवट्याचे अंश माहीत होते, तोच चार गिअरचा ऑटोमॅटिक माहीत होता.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. त्याने २०२४ मध्ये पुन्हा पासिंग करून घेतलंय, आता २०२९ पर्यंत चिंता नाही. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याच पोरांनी बनिवली, आन् आपल्याच पोरांनी घेतली न्हाई व्हय?"

मी म्हणाले, "मामा, तुम्ही तरी कुठे घेतलीत?"

"माझ्याकडं हाय की," तो म्हणाला. "तू बोल."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा भाग केला.

पुढच्या वेळी एखादी जुनी गाडी परत येणार अशी बातमी आली, तर मी इथे आशाही सांगेन आणि शंकाही. पण त्याच्या आधी हे सांगेन की मी ती घेणार आहे की नाही, आणि नसेल तर का. तुम्हीही तुमच्या व्हॉइस नोटमध्ये तेवढं सांगा. आवडती कुठली गाडी तुम्ही "येऊ दे, घेतोच" म्हणालात आणि आल्यावर घेतली नाहीत? खरं कारण सांगा हं, लॉकरचं नको.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून चालवा.